डॉट झीरो धरत नाही: एका सहा चेंबरच्या रिव्हॉल्व्हरचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती, डॉट झीरो धरत नाही, म्हणजे ठिपका जिथे ठेवला तिथेच गोळी लागावी अशी केलेली जुळवणी टिकत नाही. रिव्हॉल्व्हर ३५७ मॅग्नम, सहा इंच बॅरल, सहा चेंबर, नुसत्या ट्रिगरने हॅमर मागे जाऊन सुटणारं डबल अ‍ॅक्शन. मागची अ‍ॅडजस्टेबल साईट काढून त्या जागी माउंट प्लेट आणि प्लेटवर आरएमआर फूटप्रिंटचा (म्हणजे त्या ठरावीक मापाच्या बैठकीवर बसणारा) रेड डॉट, काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट. मालक उजव्या हाताचा नेमबाज, ओपन साईटवर चांगला हात असलेला, म्हणजे नवशिका नाही. त्याला स्टील चॅलेंजच्या (स्टीलच्या प्लेटवर भराभर मारायची स्पर्धा) ऑप्टिकल साईट रिव्हॉल्व्हर विभागात उतरायचं होतं म्हणून डॉट लावला (आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, पिस्तूल इव्हेंटमध्ये डॉट चालत नाही, तिथे उघड्या साईटच लागतात, त्यामुळे या भानगडीत पडायच्या आधी आपण नक्की कुठे खेळणार ते ठरवलेलं बरं). पहिल्या दिवशी झीरो झालं, मग काही मॅग्नम (जास्त जोराचे) राउंड मारले, आणि पुढच्या वेळी बघतो तर २५ मीटरवर सगळं सहा-सात सेंटीमीटर खाली. डॉटचा जुळवणीचा स्क्रू (टरेट) फिरवून काही क्लिक वर दिले, जमलं. त्यानंतरच्या वेळी सगळं वर. मग परत खाली. मध्येच डावी-उजवी पण हलायला लागली. शेवटी वैतागून त्याने दुसऱ्या कंपनीचा डॉट आणला, त्याच फूटप्रिंटचा, आणि तोही तसाच वागला.

खरं तर इथेच अर्धं उत्तर मिळालं होतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे डॉट एकाच पद्धतीने बिघडतील हे जवळपास अशक्यच, मग जे बदललंच नाही तिकडे बघायला पाहिजे, म्हणजे प्लेट, स्क्रू, बंदूक, गोळी आणि माणूस. पण लोक डॉटलाच धरतात कारण तोच नवीन असतो, महाग असतो आणि त्याला फिरवायला स्क्रू असतात. मी त्याला पहिलं हेच सांगितलं की आता टरेटला हात लावायचा नाही, काय हललं ते कळेपर्यंत एक क्लिक पण नाही. "अरे पण ग्रुप खाली जातोय ना," असं तो म्हणालाच. जाऊ दे म्हटलं, खाली जाणारा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आपल्याला काहीतरी सांगतोय, क्लिक दिलेस की तो गप्प बसेल.

त्याच्याकडे जुन्या टार्गेटचे फोटो होते. ते नीट लावून बघितले तर दोन वेगळ्या हालचाली दिसत होत्या. एक उभी, मॅग्नम मारल्यानंतर येणारी, सहा-सात सेंटीमीटरची. दुसरी आडवी, तिचा मॅग्नमशी काही संबंध नाही, कधी असायची कधी नसायची, आणि ती साधारण तीन सेंटीमीटरची. तो दोन्हीला एकच आजार समजून दोन्हीकडे क्लिक देत होता. अजून एक गोष्ट फोटोत दिसली, प्रत्येक ग्रुप तीन गोळ्यांचा. यावर पुढे येतो, कारण या प्रकरणातली खरी मेख तीच आहे.

आधी उभी हालचाल. बंदूक रिकामी केली, सिलिंडर बाहेर, सगळे चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासले, गोळ्या दुसऱ्या टेबलावर. डॉट प्लेटवर घट्ट होता. प्लेटचे स्क्रू पण की लावून बघितले तर टाइट, अजिबात हलेनात. पण प्लेटच्या पुढच्या कडेखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पट्टी सहज सरकली, मागच्या कडेखाली जाईना. म्हणजे स्क्रू टाइट आणि प्लेट मोकळी. स्क्रू काढून, प्लेट बाजूला ठेवून, तोच पुढचा स्क्रू नुसता फ्रेमच्या भोकात हाताने घातला आणि जिथे अडकला तिथे डोक्याखाली उरलेली जागा मोजली, तर ती प्लेटच्या त्या ठिकाणच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. स्क्रू भोकाच्या तळाला टेकत होता. तो तळावर आवळला जात होता, प्लेटला दाबतच नव्हता. हाताला मात्र दोन्ही सारखंच लागतं, टॉर्क ड्रायव्हरसुद्धा (ठरवलेल्या जोराला थांबणारा स्क्रू ड्रायव्हर) क्लिक देऊन मोकळा होतो, त्याला काय माहीत खाली काय आवळलं जातंय.

हे किती महागात पडतं ते बघा. प्लेटचे पुढचे-मागचे स्क्रू एकमेकांपासून साधारण ३५ मिलिमीटरवर होते. पुढची कड ०.१ मिलिमीटर जरी उचलली गेली तरी २५ मीटरवर त्याचे सात सेंटीमीटर होतात (०.१ भागिले ३५, गुणिले २५ मीटर). जाड कागदाच्या जाडीएवढी फट, आणि टार्गेटवर जवळपास दहा क्लिकचा फरक. पुढची कड वर गेली की डॉटची नजर बॅरलच्या मानाने वर बघते, मग डॉट टार्गेटवर आणायला आपण नकळत नळी खाली करतो आणि गोळी खाली लागते. मॅग्नमचा धक्का बसला की प्लेट उचलायची, पुढे कधीतरी ती परत बसायची, आणि मधल्या काळात दिलेले क्लिक चुकीचे ठरून ग्रुप वर जायचा. खाली-वर-खाली या खेळाचा हिशोब इथे पूर्ण जुळला.

दुरुस्ती किरकोळ होती. स्क्रूचं टोक थोडं घासलं, आटे साफ केले, परत तीच मोजणी केली, आता डोकं प्लेटला आधी लागत होतं आणि तळाशी जागा उरत होती. उलटं पण होतं, ते लक्षात ठेवा. काही फ्रेममध्ये टॉप स्ट्रॅपचं (सिलिंडरच्या वरच्या फ्रेमच्या पट्टीचं) भोक आरपार असतं, तिथे लांब स्क्रू खाली निघून सिलिंडरला घासतो, म्हणून प्लेट बसवल्यावर सिलिंडर हाताने पूर्ण फिरवून बघायचाच. आणि हॅमर पण मागे खेचून बघायचा, कारण प्लेट किंवा डॉट मागे जास्त आला असेल तर हॅमरचा स्पर (अंगठ्याने ओढायचा खुंट) डॉटच्या बुडाला लागतो. हे दोन्ही लोक रेंजवर गेल्यावर शोधतात.

मग भोकं आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. फॅक्टरीचं तेल भोकात राहिलं तर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) धरतच नाही, आणि रिव्हॉल्व्हरच्या टॉप स्ट्रॅपमधल्या भोकात तेल असतंच असतं. निळा थ्रेडलॉकर, आट्यांवर एक छोटा थेंब. लाल वापरू नका. तो सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास गरम करावं लागतं आणि तेवढी उष्णता डॉट सोसणार नाही. थेंब जास्त झाला तर तो पसरून प्लेटखाली जातो, आणि काही प्लॅस्टिकला थ्रेडलॉकरने तडे जातात, त्यामुळे जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं असं काही नसतं. टॉर्क माउंट बनवणाऱ्याने दिलाय तोच, या प्लेटला १५ इंच-पाउंड आणि डॉटच्या स्क्रूंना १२, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या अलीकडे-पलीकडे. एवढा कमी टॉर्क मनगटाच्या अंदाजाने देता येतो असं ज्यांना वाटतं त्यांचे मुंडी तुटलेले स्क्रू मी बघितलेत. टॉर्क ड्रायव्हर घ्या. स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर पेंटची एक बारीक रेघ ओढली, म्हणजे स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि मग एक पूर्ण दिवस तसंच ठेवलं. थ्रेडलॉकर पक्का व्हायला २४ तास लागतात, संध्याकाळी लावून सकाळी मॅग्नम मारणारे मग थ्रेडलॉकरच बेकार म्हणतात.

आता परत झीरो. मागची साईट काढलेली असल्यामुळे डॉट कशाशी ताडून बघायची सोय नाही. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलसारखं मागून नळीतून बघून पण जमत नाही, कारण रिव्हॉल्व्हरला सिलिंडर बाहेर काढला तरी मागे फ्रेमची भिंत येते. चेंबरमध्ये ठेवायची लेझर गोळी मिळते पण ती चेंबरमध्ये जरा हलते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये, कागदावर पहिली गोळी कुठेतरी दिसावी एवढ्यापुरती ठीक. त्यापेक्षा मोठा कागद लावून ७ मीटरवरून सुरुवात करणं सोपं. तिथे गोळी डॉटपेक्षा थोडी खाली लागायला पाहिजे, बरोबर डॉटवर नाही, कारण डॉट नळीच्या बराच वर बसलेला असतो. याच्यात नळीच्या मध्यापासून डॉटच्या मध्यापर्यंत अंतर ३२ मिलिमीटर भरलं.

बेंचवर बसण्याबद्दल थोडं, कारण रिव्हॉल्व्हरचे लोक इथे पिस्तुलाच्या किंवा रायफलच्या सवयी घेऊन येतात. सँडबॅग बॅरलखाली ठेवायची नाही. बॅरल टेकवली की ती उसळते आणि ग्रुप वर जातो, मग हातात धरून मारलं की झीरो वेगळं. मनगटं आणि ट्रिगर गार्डच्या पुढची फ्रेम टेकवा, बंदूक हातातच राहू दे. सिलिंडर आणि बॅरलच्या मधल्या फटीतून दोन्ही बाजूंना तापलेला गॅस आणि शिशाचे कण सुटतात, तो बॅग फाडतो, बोटाचं काय करेल ते सांगायला नको, त्यामुळे आधाराचा हात सिलिंडरच्या पुढे कधीच जाऊ द्यायचा नाही. डॉटचा उजेड कमी करा, जास्त उजेडात ठिपका फुगतो. ६ एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) ठिपका २५ मीटरवर तसाही साडेचार सेंटीमीटर झाकतो, तो अजून फुगवून नेम कशाचा धरणार.

पहिले सहा राउंड मारले, सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आधी अंगठ्याने सावकाश हॅमर ओढून. पाच गोळ्या एका जागी आणि एक उजवीकडे खाली, लांब. तो लगेच म्हणाला ट्रिगर खेचला गेला. असेलही म्हटलं, पण परत मारू आणि या वेळी चेंबरवर मार्करने आकडे टाकू, टार्गेटवर प्रत्येक भोकाशेजारी चेंबरचा आकडा लिहू. परत तेच. पाच एकत्र, एक बाजूला, आणि तो बाजूचा चेंबर दोन्ही वेळा एकच, चार नंबर. मी मारलं, चार नंबर बाहेर. माणूस बदलला तरी चेंबर तोच, म्हणजे माणूस सुटला.

आता गंमत ही की डबल अ‍ॅक्शनमध्ये भराभर मारलं तर चार नंबर बाकीच्यांत मिसळून जात होता. ग्रुप एकंदर मोठा, पण वेगळा पडलेला कोणी नाही. एवढं कळल्यावर संशय एकाच ठिकाणी जातो. बंदूक रिकामी करून, परत तपासून, हॅमर अगदी हळू मागे ओढला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित रोखून धरलं. पाच चेंबरवर हॅमर अडकायच्या आत सिलिंडर खटकन लॉक झाला. चार नंबरवर हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून केसभर मागेच, बोटाने ढकलल्यावर खट वाजून लॉक झाला. म्हणजे सिलिंडर फिरवणारा जो हँड असतो तो सिलिंडरच्या मागच्या त्या एका दातावर पुरेसा पोचत नव्हता. डबल अ‍ॅक्शनमध्ये सिलिंडर स्वतःच्या वेगाने उरलेलं अंतर कापतो आणि लॉक होतो, सावकाश सिंगल अ‍ॅक्शनमध्ये तो वेग नसतो. मग चेंबर नळीच्या समोर बरोबर येत नाही, गोळी नळीच्या तोंडाला एका बाजूने घासून आत शिरते आणि जाते कुठेतरी. फ्रेमच्या एका बाजूला शिशाची बारीक भुकटी जमलेली होती, ती आधीपासूनच असणार, पण कोणी बघितली नव्हती.

इथे गोळीबार थांबवला. हे झीरोचं दुखणं नाही, बंदुकीचं आहे, आणि असं होत असताना मारत राहिलं तर शिशाचे कण बाजूच्या लेनवाल्याच्या तोंडावर जातात. बंदूक गनस्मिथकडे गेली, त्याने रुंद हँड बसवून सहाही दातांवर घासून जुळवला. हे काम घरी करायचं नाही. एका दातासाठी हँड लावताना बाकीच्या पाचांवर तो जास्त होऊ शकतो आणि मग सिलिंडर अडकतो.

आता ते तीन गोळ्यांचं. रायफलवर तीन गोळ्या मारून झीरो करायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि तिथे ती बऱ्यापैकी चालते कारण चेंबर एकच असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा चेंबर म्हणजे नळीकडे जायच्या सहा वेगळ्या वाटा. त्याचा वेडा चेंबर सिंगल अ‍ॅक्शनमध्ये साधारण नऊ सेंटीमीटर बाजूला मारत होता. सलग तीन चेंबर भरले तर चार नंबर त्यात असण्याची शक्यता बरोबर अर्धी. असला की तीन गोळ्यांचा मध्य तीन सेंटीमीटर सरकला, म्हणजे चार क्लिक. नसला की ग्रुप झकास. म्हणजे नाणं उडवून क्लिक देण्यासारखं होतं ते, एकदा चार क्लिक डावीकडे, पुढच्या वेळी चार क्लिक परत, आणि दर वेळी टार्गेट बघून वाटणार की डॉट हलला. फोटोतली ती आडवी तीन सेंटीमीटरची हालचाल हीच. ओपन साईटवर हे त्याला कधीच दिसलं नव्हतं, एखादी गोळी बाहेर गेली तर आपलाच हात हलला असं धरून चालतो आपण. डॉट आल्यावर नेम कुठे होता हे नक्की कळायला लागलं आणि मग बंदुकीची खोड दिसली. माझ्या मते रिव्हॉल्व्हरवर झीरोचं माप एक पूर्ण सिलिंडर, त्याच्याखाली काही नाही, पाच चेंबरची असेल तर पाच, आठची असेल तर आठ, आणि आकडे टाकून.

बंदूक परत आल्यावर झीरो एका बैठकीत झालं. ७ मीटरवर कागदावर आणलं आणि मग थेट २५ मीटर. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ३८ स्पेशल शिशाची गोळी, ३५७ च्या बंदुकीत चालणारी पण कमी जोराची, वेग २३० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. पूर्ण सिलिंडरचा मध्य पाच सेंटीमीटर खाली आणि तीन डावीकडे. या डॉटला एक क्लिक म्हणजे एक एमओए, २५ मीटरवर ७.३ मिलिमीटर, म्हणून सात क्लिक वर आणि चार उजवीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो, खिडकीतला ठिपका मात्र उलट सरकतो, वर दिलं की ठिपका खाली जातो, ते बघून घाबरून उलटं फिरवणारे बरेच आहेत. क्लिक दिल्यावर डॉटच्या बॉडीवर ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केलं, आतला भाग कधी कधी पहिल्या धक्क्यानंतर जागेवर बसतो. परत पूर्ण सिलिंडर, मध्य जागेवर. मग एकही क्लिक न देता अजून एक सिलिंडर, फक्त खात्रीसाठी.

झीरो २५ मीटरवर का आणि १० वर का नाही, तर हिशोब करून बघितला. या गोळीने, ३२ मिलिमीटर उंचीच्या डॉटने २५ वर झीरो केलं की १५ मीटरवर गोळी जवळपास डॉटवरच लागते, १० वर अर्धा सेंटीमीटर खाली, ५ वर दीड सेंटीमीटर खाली. ५० मीटरवर मात्र आठ-दहा सेंटीमीटर खाली. १० वर झीरो केलं असतं तर २५ वर फक्त सव्वा सेंटीमीटर वर लागली असती, म्हणजे गोळीच्या वाटेत दोन्हींत फार फरक नाही. फरक मोजण्यात आहे. १० मीटरवर एक क्लिक तीन मिलिमीटरचा, भोक त्याच्या तिप्पट रुंद, तिथली एका क्लिकची चूक डोळ्याला दिसतच नाही.

ठिपका खिडकीच्या कडेला असला तर काय हा प्रश्न त्याने विचारला. चांगल्या डॉटमध्ये कडेला असल्याने होणारी चूक साधारण खिडकीच्या अर्ध्या रुंदीपेक्षा जास्त होत नाही, म्हणजे सेंटीमीटरभर. झीरो करताना ठिपका मध्यात ठेवा, स्टीलच्या प्लेटवर भराभर मारताना त्याची चिंता करू नका.

गोळी बदलली की झीरो बदलतं, हे मात्र त्याला पटायला वेळ लागला. त्याच १५८ ग्रेनची मॅग्नम, क्लिक तेच, २५ मीटरवर साडेतीन सेंटीमीटर वर. १२५ ग्रेनची मॅग्नम मात्र १५८च्या मॅग्नमपेक्षा खाली. अजब वाटतं पण कारण सरळ आहे, गोळी नळीत असतानाच बंदूक वर उठायला लागते, आणि नळीत असताना किती उठेल ते मुख्यतः गोळीच्या वजनावर ठरतं, वेगावर फारसं नाही. जड गोळी जास्त उचलते. वजन सारखं असेल तर जी वेगवान ती वाटेत कमी पडते म्हणून वर लागते. त्याने तिन्ही गोळ्यांचं एक कार्ड करून बंदुकीच्या पेटीत ठेवलं आणि झीरो ३८ वरच ठेवलं, स्पर्धेत तीच मारायची आहे. डबल अ‍ॅक्शनमध्ये त्याचा मध्य किंचित डावीकडे खाली जातो, उजव्या हाताने ट्रिगर पूर्ण ओढणाऱ्यांचा बहुतेक जातोच. त्याला क्लिक देऊन भरून काढायचं होतं, मी नको म्हटलं, ड्राय फायरने (रिकाम्या बंदुकीवर ट्रिगरच्या सरावाने) सुधारण्यासारखी गोष्ट टरेटने सुधारली की हात सुधारल्यावर परत सगळं उलटं करावं लागतं.

मॅग्नम मारून झाल्यावर पेंटची रेघ अखंड, फीलर गेज आता कुठेच शिरत नाही, आणि पुढच्या वेळी थंड बंदुकीतून पहिला सिलिंडर मागच्या वेळच्याच जागी. पुढच्या काचेवर काजळी जमते, शिशाच्या गोळ्यांनी तर जास्तच, ती मऊ कापडाने आणि लेन्स क्लीनरने काढायची, शिसं काढायचं सॉल्व्हंट काचेवर न्यायचं नाही. पहिला डॉट बिचारा काही न करता पेटीत पडून होता, त्याची सीआर२०३२ बॅटरी खालून बदलावी लागते म्हणजे दर वेळी डॉट प्लेटवरून उतरवायचा. नवीन डॉटला बॅटरी बाजूने जाते. त्यामुळे तोच ठेवला, जुना विकला, आणि घेणाऱ्याला सांगितलं की यात काही बिघाड नाही, फक्त बॅटरी बदलली की एक सिलिंडर मारून झीरो बघून घे.